कायद्याच्या पोटी जन्मलेला जॉकी

मित्रांनो, मी एक जुना जॉकी आहे. उंटांच्या शर्यतीतला. जॉकी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला, गुडघे आवळून बसलेला एखादा काटकुळा माणूस आला असेल. टोपी मलाही आहे. गुडघे मात्र नाहीत, कारण मुळात पायच नाहीत. कमरेखाली मी म्हणजे दोन पट्टे आणि एक बक्कल. पोटात ड्रिल मशीनची मोटर, छातीत वॉकीटॉकीचा कर्णा, उजव्या खांद्यातून निघालेला चाबूक आणि डोक्याच्या जागी एक गोल डबा. वजन इतकं कमी, की अमिना मला एका हाताने उचलते आणि दुसऱ्या हाताने माझ्याखालची धूळ पुसते.

पण माझ्या वजनावर जाऊ नका. ऐन भरात असताना मी इतक्या वेगाने धावलोय, की माझी सावली शर्यतीच्या वाटेवरच राहून गेली. दुसऱ्या दिवशी हाफिजने ती पिकअपच्या मागे टाकून आणली आणि खिळ्याला टांगून ठेवली. एकदा वाळूचं वादळ आमच्या पाठी लागलं होतं. शेवटी वादळच दमलं आणि सौदीच्या हद्दीवर धापा टाकत बसलं. खोटं वाटतं? वाटू द्या. कतारमध्ये कोणालाही विचारलंत तर तो म्हणेल, मला माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणजे खोटं आहे, असं थोडंच आहे! पण या गोष्टीत एक जागा अशी आहे, जिथे मी थाप मारणार नाही. ती आली की तुम्हाला आधी सांगेन.

माणसं आईच्या पोटी जन्मतात. मी कायद्याच्या पोटी जन्मलो.

माझ्या आधी उंटांवर पोरं बसायची. लांबच्या गरीब मुलखातून आणलेली, तुमच्याहून लहान पोरं. पोर जितकं हलकं तितका उंट जोरात धावतो, हे त्यामागचं साधं गणित. पोर घाबरून ओरडलं की उंट आणखी बिथरून धावे, हे दुसरं गणित. मग एक दिवस कायदा झाला, की उंटाच्या पाठीवर पोर बसवायचं नाही. काल जे राजरोस चालत होतं ते आज बंद झालं. पोरांना विमानात बसवून आपापल्या देशी पाठवलं. उंटांच्या पाठी रिकाम्या झाल्या आणि त्या रिकाम्या जागेसाठी यंत्र हवं झालं.

तेव्हा दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरवाल्याच्या आणि वेल्डिंगवाल्याच्या मधल्या गाळ्यात, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा हाफिज ड्रिल दुरुस्त करत असे. ज्यांच्या कागदावर हाफिजचं या देशातलं राहणं होतं, ते एक वयस्कर कतारी गृहस्थ होते. आमच्या घरात त्यांना सगळे 'मालक' म्हणत. त्यांच्याकडे उंट होते. एके सकाळी मालक गाळ्यात आले, एक ड्रिल उचललं आणि म्हणाले, "हाफिज, हे उंटावर बसव."

हाफिजला आधी वाटलं थट्टाच चालली आहे. मग तो कामाला लागला. ड्रिलची मोटर काढून तिच्यावर चाबूक चढवला. गाडीतून मालक बोलले की उंटाच्या कानाशी ऐकू जावं म्हणून कर्णा बसवला. सगळं झालं, पण मी दिसायला एखाद्या मोडक्या पंख्यासारखा दिसत होतो. अशा वस्तूला उंट पाठीवर कसा घेईल? मालकांनी एक खोकं पाठवलं. त्यात जुने शर्ट होते, रेशमी, भडक रंगांचे. हाफिजने त्यातला एक हिरवा मला चढवला. तो मला अगदी बेतून शिवल्यासारखा बसला.

अमिना, म्हणजे हाफिजची बायको, डबा घेऊन आली होती. तिने शर्टाची कॉलर हातात घेतली आणि तिथेच थांबली. कॉलर चावलेली होती. बारीक बारीक दातांच्या खुणा होत्या. बसल्या बसल्या कोणीतरी ती तोंडात धरून दाबत असणार.

"ह्याला टाका घाल ना," हाफिज म्हणाला. "मालक बघतील."

"बाकी सगळां शिवते," अमिना म्हणाली. "ह्या दातांवर सुई घालवत नाय माझ्याच्यानं."

पहिल्या शर्यतीतच मला कळलं, की माझ्या पाठीमागे कोणीतरी आहे. उंट निघाला आणि माझ्या पत्र्याच्या कमरेभोवती मागून दोन हात आवळले गेले. लहान आणि घामेजलेले. तुम्ही म्हणाल, त्या मुलाचं भूत. पण मित्रांनो, तो मुलगा काही मेला नव्हता. तो घरी गेला. आज त्याला मिशा असतील, कदाचित त्याचीच पोरं शाळेत जात असतील. मग मागे राहिलं ते कोण? मी वर्षानुवर्षं विचार केला. घरी जाताना पोराने पिशवी नेली, चपला नेल्या. भीती तेवढी न्यायची राहून गेली. तीच बिचारी माझ्या कमरेला धरून बसायची.

बाकी दिवस चांगले गेले. शहानिया गावच्या शर्यतीच्या वाटेवर मी कितीतरी उंट पळवले. वाटेच्या कडेने मोटारींची रांग धावे, मालक गाडीतून वॉकीटॉकीवर अरबीत ओरडत, त्यांचा आवाज माझ्या छातीतून बाहेर पडे. जिंकलो की मालक सांडणीच्या कपाळाचा मुका घेत आणि माझ्या डब्यावर टिचकी मारत. हाफिज कोकणीत म्हणे, "शाबास रे माझ्या ड्रिला." मालकांकडे रीम नावाची सांडणी आली आणि तिच्या पाठीवर तर आम्ही हरायचं कसं असतं तेच विसरलो.

आता दुसऱ्या कायद्याची गोष्ट. हा समुद्रापलीकडून आला आणि मोबाईलमधून आला.

शर्यतींच्या मोसमात हाफिज शुक्रवारीही गाळ्यातच असे. जुम्म्याची नमाज झाली की अमिना कालवण-भाकरी घेऊन येई. सोबत त्यांचा मुलगा फुजैल. तो दोह्यातच जन्मला, इंग्रजी शाळेत शिकला आणि अल रय्यानमधल्या एका ऑफिसात कारकून होता. आईबाप कोकणीत बोलत, तो अर्धं इंग्रजीत उत्तर देई. जेवताना अमिनाच्या भावाचा, जैदमामूचा, अमेरिकेतून व्हिडिओ कॉल येई. फुजैल फोन माझ्या पोटाला टेकवून उभा करी. त्यामुळे मी सगळं ऐकत असे. माझ्या पोटाला डोळे नाहीत म्हणून काय झालं, समोरच्या कपाटाच्या काचेत फोनही मला स्पष्ट दिसे.

"आपा, गुड न्यूज!" एका शुक्रवारी मामू ओरडला. "आमच्या स्टेटनं लीगल केलां!"

"काय लीगल केलां? दारू तर तुमच्याकडे पयल्यापासून हाय."

"सट्टा गो! मॅचवर पैसे लावायचे. एकदम सरकारी परवाना. चोरीछुपी खलास. बिछान्यात पडून फोनवरून लावायचे."

"बिछान्यात पडून माणसां झोपतात, जैद," अमिना म्हणाली आणि भाकरी मोडू लागली.

त्या दिवशी सदानंदराव गाळ्यात बसले होते. ते नाशिकचे, गॅस कंपनीत इंजिनियर. घरचं ड्रिल बिघडलं की इथे येत आणि भाकरीचा वास आला की ड्रिल तयार झालं तरी उठत नसत. ते म्हणाले, "हाफिजभाई, हे तितकं वाईट नाही. लोक चोरून खेळतच होते. कुठल्यातरी बुकीच्या खिशात जाण्यापेक्षा राज्याच्या तिजोरीत जाऊ दे. कर मिळतो, शाळा होतात. कोणी फसवलं तर दाद मागता येते. आणि प्रत्येक राज्याने आपापलं ठरवायचं, कोणावर जबरदस्ती नाही."

"तुमचां बरोबर असंल, साहेब," हाफिज म्हणाला. "हितं ते चालत नाय आणि आमच्या दीनात पण चालत नाय, म्हणून मी कधी इचारच केला नाय. भाकरी घ्या अजून."

दोघांत कोणाचं खरं, हे मला आजही सांगता येत नाही. मी स्वतः कायद्याचं लेकरू. कायद्याला नावं कोणत्या तोंडाने ठेवू?

पुढे मामू आधी क्रिकेटवर लावी. मग फुटबॉलवर. मग ज्या देशाचं नाव त्याला नीट उच्चारता येत नसे, तिथल्या टेबल टेनिसवर. आपल्याकडे दुपार असे तेव्हा तिकडे पहाट, पण मामू झोपून उठलेला कधी दिसला नाही, तो जागाच असे. दर शुक्रवारी त्याच्या पाठीमागची खोली मात्र मोठी होत गेली. आधी कोपऱ्यातला दिवा गेला. मग सोफा गेला. मग पडदे.

"पडदे कुठं गेले रे?" अमिनाने विचारलं.

"धुवायला टाकलेत, आपा."

"आणि नबीला? भाबीला सलाम करायचा राहतो दर वेळेला."

"ती पण आत हाय. धुणां लावते." मामू हसला. आपण हसलो याचीच त्याला जरा धास्ती वाटल्यासारखा दिसला.

फुजैलला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला दिसत होती फक्त अमेरिका. इथे जन्मून तो इथला नव्हता आणि रत्नागिरीला सुट्टीत गेला की तिथली पोरं त्याला 'दोहावाला' म्हणून चिडवत. मामू म्हणाला होता, "मी तुला हिकडे आणतो." त्या एका वाक्यावर फुजैल उभा होता.

मग एक दिवस आईबाप नसताना फुजैलने फोन माझ्या पोटाला टेकवला.

"ऐक," मामू म्हणाला. "आमचा दोस्तांचा एक ग्रुप हाय. तुमच्या उंटांच्या शर्यती आम्ही लाइव्ह बघतो. सगळे रीमवर लावतात. मी उलटां लावणार. ती पयली येता कामा नये."

"मामू, बट... अब्बा?"

"अब्बाला सांगायचां कशाला? जी सांडणी दर वेळेला जिंकते ती एकदा हरली तर मरते काय?"

"इज इट लीगल? कॅमल्सवर पण?"

"अरे बेटा, स्टेटनंच परवानगी दिली ना आमाला!"

राज्याने परवानगी दिली होती ती वेगळ्याच खेळांना, नोंदणी केलेल्या कंपन्यांना. दोस्तांच्या ग्रुपला नव्हे. पण घराचं एक दार उघडलं की आतली कुठली खोली आपली आणि कुठली दुसऱ्याची, हे मामू कधीच विसरला होता. आणि इथे कतारमध्ये तर ते दारच नव्हतं. गोष्ट बाहेर पडली असती तर मालकांच्या एका सहीने हाफिजचा गाळा, फुजैलची नोकरी, अमिनाचं स्वयंपाकघर, सगळं विमानात बसलं असतं. फुजैलला हे कळत होतं. तरी तो हळूच म्हणाला, "ओके."

मी ओरडलो असतो. पण माझ्या छातीतून फक्त दुसऱ्याचा आवाज निघतो.

शर्यतीच्या सकाळी मालकांचा घसा बसला होता. ते कुजबुजत म्हणाले, "फुजैल, आज माझी गाडी तू घे, मी शेवटच्या रेघेपाशी थांबतो. आज तू बोल." फुजैलचा चेहरा उतरला, पण त्याच्या मनासारखंच झालं होतं. हाफिज मला रीमच्या पाठीवर बांधत होता. फुजैलने बॅटरी पुढे केली. "अब्बा, ही घ्या. फुल चार्ज आहे." हाफिजने पोराच्या हातातली बॅटरी न तपासता माझ्या पोटात सरकवली. तिच्यात धुगधुगी तेवढी होती.

ती जागा आली, मित्रांनो. इथून पुढे मी जसं घडलं तसं सांगतो.

दोर उठला. रीम निघाली. माझा चाबूक दोनदा फिरला आणि लोंबकळला. फुजैलला वाटलं होतं, चाबूक थांबला की रीम मागे पडेल. पण ती आपल्या खुशीने धावत होती, आणि सगळ्यांच्या पुढे होती. मागून माझ्या कमरेला ते दोन हात आवळले गेले. मग माझ्या छातीत फुजैलचा आवाज आला. दबका.

"बस, रीम. बस."

बॅटरी उतरली की माझा कर्णा माणसाचा आवाज बारीक करतो. चोवीस वर्षांच्या फुजैलचा आवाज माझ्या छातीतून निघाला तो सहा वर्षांच्या पोराचा होऊन. रीमचे कान मागे वळले. ती बिथरली आणि उसळली.

"बस! रीम, बस! प्लीज!"

ती आणखी जोरात धावू लागली. फुजैल आता घाबरून ओरडत होता, आणि त्याची भीती माझ्यातून बाहेर पडताना लहान लहान होत होती. मग बॅटरी संपली. माझा कर्णा मेला. छातीत साधी खरखरही उरली नाही.

आणि तरी आवाज थांबला नाही. तो माझ्या पाठीमागून येत होता. कॉलर दातांत धरून कोणी बोलावं तसा.

बस. बस. बस.

आमच्या मागे एकही उंट दिसत नव्हता. रेघ ओलांडली तरी रीम थांबेना. शेवटी चार माणसांनी तिला धरलं, तेव्हा ती उभ्या उभ्या थरथरत होती.

ती जागा संपली.

मालकांनी फुजैलला मिठी मारली. बसलेल्या घशाने विचारलं, "तिला काय मंत्र घातलास रे?"

"मी... मी फक्त 'बस' म्हणालो."

"बस?" मालक हसू लागले. अरबीतही 'बस' म्हणजे पुरे. "तिला पुरे म्हटलंस आणि ती धावली?" हसता हसता त्यांची नजर माझ्यावर गेली. हसू तिथेच विझलं. ते गाडीत जाऊन बसले.

गाळ्यात परतल्यावर हाफिजने माझं पोट उघडलं. बॅटरीला तार लावून पाहिली.

"ही फुल चार्ज होती?"

फुजैल खाली पडलेले स्क्रू वेचू लागला.

"आणि 'बस' काय म्हणत होतास तिला? अरे येड्या!" हाफिजला हसू फुटलं. "सरावाला संध्याकाळी कामगारांना न्यायला कंपनीची बस आली की आम्ही सगळे 'बस! बस! यल्ला!' म्हणून धावत सुटतो. एक बस चुकली की रात्र वाळूत. ती पण धावते आमच्याबरोबर. त्या सांडणीला वाटतां, बस म्हणजे धावायचां! तिला थांबवायचां तर..."

तो मध्येच थांबला. बॅटरी त्याच्या हातात होती.

"पण तू तिला थांबवत कशाला होतास?"

अमिना डबा उघडत होती. तिने झाकण परत लावलं. फुजैलने सांगायला सुरुवात केली, आधी इंग्रजीत, मग कोकणीत. आयुष्यात तो एवढी कोकणी एका दमात कधी बोलला नव्हता. तो सांगत असतानाच फोन वाजला. जैदमामू. अमिनाने स्वतः फोन माझ्या पोटाला टेकवला.

मामू जमिनीवर बसला होता. त्याच्या मागे भिंत होती आणि भिंतीवर एक खिळा.

"आपा, फुजैल हाय काय? त्याला सांग, मी रागावलो नाय. होतां असां. पुढच्या शर्यतीला नीट करू. एकदा फक्त. एकदा, बस."

"जैद, नबीला कुठं हाय?"

"...मायेरी गेली."

"कधी येणार?"

"आपा, तू फोन फुजैलला दे."

अमिनाने फोन उचलून छातीशी धरला. आतून मामूचा आवाज तिच्या ओढणीत गुदमरत येत होता. एकदा, बस. एकदा, बस. मला मागून ते हात जाणवले. आता तर मी कोणत्याही उंटावर नव्हतो.

"उठ," हाफिज फुजैलला म्हणाला. "मालकांकडे जायचां."

"सांगितलांस तर आपल्याला घालवतील," अमिना म्हणाली. "सांडणी तर जिंकली. कोणाला कळणार हाय?"

"ह्याला कळणार हाय," हाफिजने मुलाकडे बोट केलं. "परत बॅटरी हातात घेईल तेव्हा ह्याला कळणार हाय. मालकानं घालवलां तर जाऊ. पण ह्याच्या हातात मी बॅटरी देणार कशी?"

पुरावा म्हणून त्यांनी मलाही नेलं. मालकांच्या बैठकीत गालिच्यावर मी मध्ये आणि दोन्ही बाजूंना बापलेक. अमिना दाराशी. हाफिजने काही झाकून ठेवलं नाही. मग तो आपल्या राहण्याच्या कागदाविषयी, घराविषयी, फुजैलच्या आईविषयी बोलू लागला. त्याचा आवाज चढत चालला तसा मालकांनी हात वर केला.

"बस."

आणि मित्रांनो, सगळे थांबले. इतक्या दिवसांत तो शब्द ऐकून कोणी थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मालक पुढे वाकले. त्यांनी माझ्या शर्टाची बटणं एक एक करून काढली, शर्ट मांडीवर घेतला आणि चावलेल्या कॉलरवरून अंगठा फिरवत राहिले.

"हा शर्ट घालणारा पोरगा पण हेच ओरडायचा," ते म्हणाले. "बस, बस. आणि उंट धावायचा. आम्ही खूश व्हायचो. कोणी काही बोललं तर विचारायचो, कुठे लिहिलंय की हे चालत नाही? तेव्हा खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं." त्यांनी शर्टाची घडी घातली. "पाच मोसम तो माझ्या घरी जेवला. शर्यत संपल्यापासून आठवत बसलोय. मला त्याचं नाव आठवत नाही."

बाहेर अजान झाली.

"तुझा कागद राहील," मालक हाफिजला म्हणाले. "उंटांचं काम मात्र दुसऱ्याकडे जाईल. रीमही आता धावणार नाही. खलास." मग फुजैलकडे वळून ते म्हणाले, "तू खरं सांगायला आलास. शुक्रन. मी सांगायला कोणाकडे जाऊ?"

शर्ट त्यांनी ठेवून घेतला. मला उघडाच परत पाठवला.

तेव्हापासून मी गाळ्यात फळीवर आहे. माझ्या एका बाजूला एक बंद पडलेली किटली आहे. तिला वाटतं, ती अजून राणीच आहे, पण तिची गोष्ट पुन्हा कधीतरी तिच्याच तोंडून ऐका. माझ्या मोटरीवर गंज चढतो आहे. हाफिज पुन्हा नुसती ड्रिलं दुरुस्त करतो. ऑफिस सुटलं की फुजैल येऊन त्याच्या शेजारी बसतो. अजून त्याच्याकडून स्क्रू हरवतात आणि हाफिज म्हणतो, "अमेरिकेत गेला असंल तो स्क्रू." फुजैल हसतो, पण थोडंसंच.

मामूचा फोन दर शुक्रवारी येई. कोणी उचलत नसे. फोन माझ्या पोटाला टेकलेला असे आणि तो थरथरला की माझ्या पत्र्यात ती थरथर उतरे, बॅटरी नसतानाही माझा चाबकाचा हात जरासा हले. तिघंही खाली मान घालून जेवत राहत. शर्ट गेला, तरी त्या वेळी कमरेभोवतीचे हात मला अजून जाणवत. आता मात्र ते थोडे मोठे झाले होते. मोठ्या माणसाच्या हातांएवढे.

गेल्या शुक्रवारी फोन वाजला आणि फुजैलने घास खाली ठेवला. अमिना म्हणाली, "नको रे." त्याने फोन उचलला. मामू अंधारात होता. नुसता चेहरा, खालून उजेड पडलेला.

"फुजैल! आलास बेटा! ऐक, ह्या हप्त्याला कुठली..."

"मामू," फुजैल म्हणाला. शुद्ध कोकणीत म्हणाला. "राती जेवलास काय?"

पलीकडचा चेहरा उजेडातून बाजूला सरला. मग मामूचा आवाज आला. बारीक, उतरलेल्या बॅटरीसारखा.

"नाय."

"मग आधी उठ आणि काय हाय घरात ते बघ. मी हितंच हाय. फोन ठेवत नाय."

मामू उठला. अंधारात कुठेतरी एक कपाट उघडल्याचा आवाज आला. अमिनाने ओढणीच्या पदराने तोंड दाबलं होतं. हाफिज भाकरीकडे बघत होता. आणि माझी कमर, मित्रांनो, किती वर्षांनी जराशी मोकळी झाली.

तर मुलांनो, कायदा वाचायला जरूर शिका. मी त्याचंच लेकरू आहे. तो झाला नसता तर आजही कोणीतरी कॉलर चावत बसला असता. पण काय चालतं आणि काय चालत नाही, एवढंच कायदा सांगतो. 'जेवलास का' हे तो विचारत नाही. ते तुम्हाला विचारावं लागेल. तुमच्या ओळखीचं कोणी शुक्रवारी फोन करत असेल, तर एकदा उचला. आणि कोणाच्या तरी बारीक आवाजात 'बस' ऐकू आलं, तर तो खेळतोय की रडतोय, आवाज खरा की भास, हे शोधण्यात वेळ घालवू नका. आधी थांबा.